कुठली हो ही काकडी?

श्रावणातल्या रविवारी सकाळी कोथरूडला पौड रस्त्याच्या कडेला, अजून न उघडलेल्या दुकानांच्या पायऱ्यांवर, मुळशीकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या बायका पाट्या मांडून बसतात. पाटीत फार काही नसते. दहा-बारा काकड्या, थोडी कारली, दोडकी, घोसाळी, केळीच्या पानात गुंडाळलेली एखादी रानभाजी. हातगाडीवाल्यासारखा ढीग नाही, आरोळी नाही. दहा-साडेदहाला पाटी रिकामी झाली की या बायका उठून परत निघतात.

परवा अशाच एका पाटीपुढे मी उभी होते. माझ्या पुढच्या बाईंनी काकडी हातात घेऊन विचारले,

"कुठली हो ही काकडी?"

"गावठी हाय, ताई."

"ते कळलं. पण गाव कुठलं?"

"मुळशी."

"मग ‘मुळशीची काकडी’ म्हणून सांगा की! लोक चार पैसे जास्त देतील."

पाटीवाल्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "आवो, आमच्यात समदं मुळशीचंच. तिथं काकडीला मुळशीची कोन म्हनंल?"

बाई काकडी घेऊन गेल्या. मावशींचे वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आले. खरेच आहे. नागपुरात कोणी ‘नागपुरी संत्री’ मागत नाही, नुसती संत्री मागतात. देवगडात हापूस हा नुसता हापूस असतो, किंवा त्याहूनही साधा, ‘आंबा’. वस्तूला गावाचे नाव चिकटते ते ती गाव सोडते तेव्हा. नव्या सुनेला सासरी ‘साताऱ्याची’ किंवा ‘वाईची’ म्हणतात, माहेरी ती नुसती शकू किंवा मंगल असते. भाज्यांचेही तेच.

याचा एक गमतीदार पुरावा माझ्याकडे आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो. घरामागच्या चार वाफ्यांत भाजी लावायचा त्याला नाद आहे. मागे एकदा त्याने बियांच्या पाकिटाचा फोटो पाठवला. पाकिटावर नाव होते ‘पूना खीरा’. खाली चित्र होते बटाट्यासारख्या तांबूस सालीच्या आखूड काकडीचे. "मावशी, ही आपली पुण्याची काकडी म्हणे. तू कधी ऐकलं आहेस हे नाव?" मी कधीच ऐकले नव्हते. पुण्यात ज्यांना विचारले त्यांनीही नाही. पण काकडी ओळखीची होती. कोवळी असताना फिकट, पांढरट. वेलावर राहिली की सालीवर तांबूस जाळी धरणारी, आणि कडू निघायच्या भीतीने जिचे टोक कापून आपण आधी घासतो ती. मावशींच्या पाटीतली तीच, नाहीतर तिची सख्खी बहीण. अमेरिकेतल्या बियाणे विकणाऱ्यांनी तिला पुण्याचे नाव देऊन ठेवले आहे, आणि पुण्यात ती बिचारी ‘गावठी’ म्हणून पायरीवर बसली आहे.

चुकीचे पत्ते

परकी वस्तू आली की ती कुठून आली हे विचारायचे आणि जे उत्तर मिळेल ते नाव म्हणून ठेवायचे, ही माणसाची जुनी रीत दिसते. उत्तर खरे असायलाच हवे असे नाही. आता सिमला मिरचीच पाहा. ही मिरची मूळची अमेरिका खंडातली, सगळ्या मिरच्यांसारखीच. इंग्रजांनी ती सिमल्याच्या थंड हवेत लावली असे सांगतात. १८६४ पासून सिमला ही त्यांची उन्हाळ्यातली राजधानी होती, तेव्हा साहेबाच्या जेवणातली भाजी तिथे पिकणे स्वाभाविक होते. तिथून ती खाली उतरली आणि उतरताना डोंगराचे नाव घेऊन आली. आपल्याकडच्या बायकांनी मात्र तिला पाहून ‘ढोबळी’ म्हटले, ‘भोपळी’ म्हटले. मला ही नावे जास्त आवडतात. त्यांत वस्तू दिसते. पण आज पुण्याच्या मंडईत ‘सिमला’च जास्त ऐकू येते, आणि ती मिरची येते आसपासच्या तालुक्यांतल्या शेतांतून.

साध्या मिरचीचाही पत्ता एकेकाळी असाच होता. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यानंतर त्यांच्या गलबतांतून अमेरिकेतल्या कितीतरी वस्तू आपल्या किनाऱ्याला लागल्या. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत असे आढळते की मुंबईच्या बाजारात मिरचीला ‘गोवाई मिरची’ म्हणत. म्हणजे गोव्याकडची. पुढे ती इतकी आपली झाली की ‘गोवाई’ गळून पडले आणि मिऱ्याची धाकटी बहीण असल्यासारखी ती नुसती मिरची उरली. गावाचे नाव कधी गळते याचे हे चांगले उदाहरण आहे. वस्तू घरातली झाली की पत्त्याची गरज उरत नाही.

लाल भोपळ्याची कथा तर याहून रंगतदार. हाही अमेरिकेचा. पण आपल्याकडे काही भागांत त्याला काशीफळ म्हणतात, काही भागांत गंगाफळ. सातासमुद्रापलीकडून आलेल्या फळाला थेट काशीचे आणि गंगेचे नाव! कोणी ठेवले, का ठेवले, हे बसून कोणी लिहून ठेवलेले नाही. उत्तरेकडून आला म्हणून असेल किंवा पवित्र नाव दिले की स्वयंपाकघरात शिरणे सोपे जाते म्हणून असेल. आमच्या आजीच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकाला लाल भोपळा चालत असे, टोमॅटो चालत नसे. दोघांचे मूळ गाव त्याच खंडात आहे हे तिला सांगितले असते तर तिने मलाच स्वयंपाकघराबाहेर काढले असते. (उपवासाच्या ताटाकडे तर या दृष्टीने पाहूच नये. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, सगळी मंडळी अमेरिकेतली. एकादशीला आपण जेवढे अमेरिकन जेवतो तेवढे एरवी क्वचितच जेवत असू.)

शाळेच्या फाटकाबाहेर मिळणारी विलायती चिंच आठवते? गुलाबी-पांढरा गर, गोल गोल वळलेली शेंग. आपण तिला ‘विलायती’ म्हटले. विलायतेतल्या लोकांनी तिला ‘मनिलाची चिंच’ म्हटले, कारण त्यांना ती फिलिपाइन्समधून माहीत झाली. झाड मूळचे मेक्सिकोकडचे. आणि आपली खरी चिंच? तिला अरबांनी ‘तमर हिंदी’ म्हटले, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्याच शब्दाचे पुढे इंग्रजीत ‘टॅमरिंड’ झाले. आपण कधी आपल्या चिंचेला हिंदी चिंच म्हटले का? मुळशीच्या मावशींना हे अचूक कळले असते.

फरसबी हे नाव आपण इतके सरावाने घेतो की त्यात एक देश दडलेला आहे हे लक्षातही येत नाही. इंग्रजांच्या ‘फ्रेंच बीन्स’ला आपल्या जिभेने वळण दिले आणि फरसबी झाली. म्हणजे तिच्यात फ्रान्स आहे. त्याच शेंगेला आपले दुसरे नाव आहे श्रावण घेवडा. एका नावात देश, दुसऱ्यात महिना. मोसंबी हे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले असे मानतात. आज त्या नावापुढे आपण ‘जालन्याची’ जोडतो, म्हणजे एका फळावर दोन गावे.

मात्र सगळीच नावे अशी गावाची निघत नाहीत. कित्येकांना वाटते की पेरू हे फळ पेरू देशातून आले म्हणून त्याचे नाव पेरू. ऐकायला पटते. पण कोकणीत याला ‘पेर’ म्हणतात, मल्याळीत ‘पेरक्का’, आणि या सगळ्यांचे मूळ पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दात सापडते. त्याचा अर्थ नासपती. दिसायला थोडे तसे म्हणून हे नाव. देशाशी संबंध नाही. उलट पोर्तुगीज भाषेत ‘पेरू’ म्हणजे एक पक्षी, ज्याला इंग्रज ‘टर्की’ म्हणतात. आणि तुर्कस्तानात त्याच पक्ष्याला काय म्हणतात? ‘हिंदी’! जो तो बिचाऱ्या पक्ष्याला शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडतो आहे.

पिकते कुठे, विकते कुठे

हे झाले दूरदेशीचे. आपल्या रोजच्या बाजारातली गावे मात्र अशी चुकून आलेली नाहीत. सोमवारच्या वर्तमानपत्रात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातली आवक छापून येते ती एकदा नीट वाचा. भूगोलाचा धडाच असतो. सातारी आले. आग्रा, इंदूर आणि तळेगावचा बटाटा. कुठून मटार, कुठून शेवगा, कुठून गाजर. हे नुसते कौतुकाचे उल्लेख नाहीत, त्यांवर भाव ठरतो.

बटाट्याचेच घ्या. माझी सासू मंडईत गेली की पहिला प्रश्न विचारी, "आग्रा आहे की तळेगाव?" मला वाटायचे, बटाट्यात कसले आले गाव! एकदा घरी वेफर तळले आणि ते कडेने काळपट होऊन चवीला गोडसर लागले, तेव्हा तिने मला हे शिकवले. शीतगृहात फार थंडीत महिनोन्महिने ठेवलेल्या बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि तळताना ती साखर करपते. उत्तरेतला बटाटा एकदा काढला की वर्षभर शीतगृहातून येत राहतो. आपल्याकडच्या खेड-आंबेगावच्या पठारावरचा पावसाळी बटाटा शेतातून सरळ बाजारात येतो. म्हणून ‘आग्रा’ आणि ‘तळेगाव’ ही बाजारात गावांची नावे राहत नाहीत, तो साठवणीचा बटाटा आणि ताजा बटाटा यांचा खुणेचा शब्द होतो. तिला शास्त्र माहीत नव्हते. तिला गाव माहीत होते, आणि वेफरापुरते ते पुरत होते.

बरे, नावात गाव असले म्हणजे पीक त्या गावचेच असेही नाही. ब्याडगी मिरची पिकते ती धारवाड, गदग, हावेरी या भागांतल्या रानांत. ब्याडगी हे बाजाराचे गाव. जिथे पोती उतरतात, बोली लागते आणि हुंडेकरी माल पुढे पाठवतो, त्या गावाचे नाव मिरचीला लागले. लासलगावच्या कांद्याचेही तेच. लासलगावच्या शिवारात जेवढा कांदा पिकतो त्याच्या कितीतरी पट लासलगावच्या बाजारात येतो, आजूबाजूच्या तालुक्यांतून, ट्रॅक्टर भरभरून. निफाड, चांदवड, येवल्याच्या ज्या शेतकऱ्याने रात्र रात्र जागून पाणी भरले त्याच्या गावाचे नाव कांद्याला नाही. हळदीत तर ‘सेलम’ ही जात आता साताऱ्या-सांगलीपासून हिंगोली-नांदेडपर्यंत लावतात. सेलम हे तमिळनाडूतले गाव हे लावणाऱ्याला माहीत असेलच असे नाही.

गाव चिकटण्याची आणखी एक वाट आहे, ती बियाण्याची. ‘पुसा सावनी’ भेंडी आणि ‘पुसा रूबी’ टोमॅटो ही नावे एकेकाळी प्रत्येक बागाईतदाराच्या तोंडी होती. हे पुसा म्हणजे बिहारमधले एक खेडे. १९०५ मध्ये सरकारने तिथे शेती संशोधनाची मोठी संस्था काढली. १९३४ च्या बिहारच्या भूकंपात संस्थेची इमारत पडली, मग १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवली. पण नाव बरोबर नेले. दिल्लीत ती ‘पुसा’च राहिली आणि तिथे निपजलेल्या वाणांनी बिहारच्या त्या खेड्याचे नाव भारतभर नेले. घर बदलले तरी दारावरची पाटी तीच लावावी, तसे.

आपल्या पुण्याच्या आसपासची अशी दोन नावे मला नेहमी आठवतात. पहिले मांजरी. गोल, जांभळ्या, पांढरट रेघांच्या ‘मांजरी गोटा’ वांग्याचे हे गाव. मांजरीच्या स्थानिक वांग्यातून निवडून हा वाण केला. भरल्या वांग्याला आमच्या घरात दुसरे वांगे चालत नसे. दुसरे फुरसुंगी. ‘फुरसुंगी’ किंवा ‘पुणे फुरसुंगी’ या नावाने कांद्याचे बी आजही विकले जाते आणि दूरदूरचे शेतकरी उन्हाळी कांद्यासाठी ते आवर्जून नेतात. आता ही दोन्ही गावे पाहा. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले, आणि वांग्याच्या वाफ्यांच्या जागी तिथे इमारती दिसतात. फुरसुंगी म्हटले की पुणेकराला कांदा आठवत नाही, शहराचा कचरा आठवतो. ज्या गावाने कांद्याला नाव दिले त्याला शहराने कचरा दिला, हे काही बरे झाले नाही. पण बियाण्याच्या पाकिटावर ती गावे अजून शेती करत आहेत.

मुळशीचे काय?

आता परत पायरीवरच्या मावशींकडे येते. त्यांनी हसून टाळले तरी प्रश्न राहतोच. मांजरीचे वांगे झाले, फुरसुंगीचा कांदा झाला, तळेगावचा बटाटा झाला. पुण्याच्या उशाशी असलेल्या मुळशीच्या नावाची एकही भाजी का नाही?

नदीला मुळा म्हणतात हे खरे, पण त्यावरून कोणी भाजीशी नाते जोडू नये. कारण उघड आहे. मुळशी हा भाताचा मुलूख. ताम्हिणीकडचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला सांगायला नको. तिथे चार महिने खाचरात पाणी आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई. भाजी असायची ती घरापुरती. दारच्या मांडवावर काकडी, दोडका, पडवळ. भात निघाल्यावर ओलीवर वाल किंवा हरभरा. विकायला नेण्याइतकी भाजी नव्हती, म्हणून बाजारात तिला कोणी ‘कुठली’ विचारले नाही, म्हणून तिला नाव मिळाले नाही. घरी खाल्लेल्या भाजीला पत्ता नसतो.

भाताला मात्र नाव होते, आणि काय सुंदर नाव! आंबेमोहर. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास येतो म्हणून आंबेमोहर. यात गाव नाही, बाजार नाही, राजधानी नाही. चुलीजवळ बसलेल्या कोणा बाईनेच हे नाव ठेवले असणार अशी माझी खात्री आहे. व्यापाऱ्याला हे सुचले नसते. आखूड, बारीक दाणा, सडताना तुटणारा. आजारी माणसाची पेज आणि लहान मुलाचा पहिला मऊ भात याच तांदळाचा करायचा, ही पुण्याकडच्या घरांतली रीत. पीक गरवे, उशिरा हाती येणारे, उंच वाढणारे. वारा सुटला की लोळायचे. उतारा कमी.

माझे आजोळ मुळशीचे. आजीचे माहेर त्याच खोऱ्यात, पण खाली, नदीकाठी होते. १९२१ च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, तिथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ती परकरी पोर होती. टाटा कंपनीला वीज करून मुंबईला पुरवायची होती आणि त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांचा मुलूख पाण्याखाली जाणार होता. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. माणसे तुरुंगात गेली, बायका गेल्या. शेवटी धरण झाले. धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास लिहिणारे आजही मुळशीपासून सुरुवात करतात, कारण यापूर्वी असे संघटितपणे कोणी उभे राहिल्याचे फारसे आढळत नाही.

आजीला या इतिहासातले फार थोडे माहीत होते. तिच्या आठवणीत होते ते तांदळाचे. "खालच्या खाचरांचा तांदूळ शिजला का शेजारच्या आळीत कळायचं," ती म्हणायची. वरच्या गावात, मामांच्या शेतातही आंबेमोहर होत असे आणि आम्ही मुले दिवाळीला गेलो की नवा भात खात असू. आम्हाला त्याचा वास खूप यायचा. आजी मात्र एक घास घेऊन म्हणायची, "बरा आहे. पण तळातला नव्हं." तिच्यापुरते ‘तळातला’ हेच त्या तांदळाचे गाव होते. तळ आता खरोखरच तळ झाला होता.

पुढे इंद्रायणी आला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून हा वाण काढला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. उतारा चांगला, लोळत नाही, वासही बऱ्यापैकी. मामांनी दोनेक वर्षांतच आंबेमोहर कमी करून इंद्रायणी धरला, आणि त्यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. वासावर घर चालत नाही. ‘इंद्रायणी’ या नावात मात्र नदी आहे, म्हणजे पुन्हा ठिकाण आले. मावळच्या केंद्राने मावळच्या नदीचे नाव दिले आणि आज मुळशीच्या खाचरांतही ‘इंद्रायणी’ उभी असते. तांदळापुरती का होईना, शेजारच्या तालुक्याची नदी मुळशीत वाहते आहे.

आंबेमोहराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठीचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये, आणि त्याखाली पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. एखाद्या मालाचा गुण त्याच्या भूमीमुळे असेल तर ते नाव त्या भूमीबाहेरच्या मालाला लावू द्यायचे नाही, असा त्याचा साधा अर्थ. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिकांना ते मिळाले आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, आजरा घनसाळ तांदूळ, जळगावचे भरिताचे वांगे, लासलगावचा कांदा, अलिबागचा पांढरा कांदा. या सगळ्यांच्या नावात गाव आहे. आंबेमोहराच्या नावात नाही. म्हणजे जे नाव मुळात गावाशिवाय होते, त्याचे गाव कागदावर सिद्ध करावे लागले. आणि तरीही किराणा दुकानात ‘आंबेमोहर’ म्हणून जे पोते उघडते त्यातला बराच तांदूळ मध्य प्रदेशातून नाहीतर आंध्रातून आलेला असतो. दुकानदार लपवतही नाही. मी विचारले, "हा कुठला?" तर म्हणाला, "ताई, आंबेमोहर." मी पुन्हा म्हटले, "हो, पण कुठला?" तेव्हा त्याने पोते उलटे करून मला छापलेला पत्ता दाखवला.

आणि मुळशीचा आंबेमोहर कुठे आहे? आहे थोडा, ज्यांनी नेटाने ठेवला आहे त्यांच्याकडे. बाकी हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे हे तिथे नोकरीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? तिथे भाताची खाचरे होती. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही मुळशीची गावे २०२१ मध्ये मांजरीबरोबरच महापालिकेत आली. मामेभावांनी निम्मी जमीन २००६ मध्ये विकली. पैसे आले, दोन गाड्या आल्या, पैसे गेले. एक गाडी अजून आहे. खाचराच्या जागी कोणाचा तरी शनिवार-रविवारचा बंगला आहे आणि बांधाच्या रेषेवर कुंपणाची भिंत. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला. जमिनी विकलेल्या घरांतल्या मुलांचे काय झाले हे सांगणारा. तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. एवढ्या वर्षांनी मुळशीचे नाव अखेर गाव सोडून बाहेर गेले, आणि ते कुठल्या तांदळाला किंवा काकडीला न लागता याला लागले, याचे मला फार वाईट वाटले.

‘गावठी’ या शब्दाचे दिवस मात्र पालटले आहेत. आमच्या लहानपणी ‘गावठी’ म्हणजे अडाणी, ओबडधोबड. शाळेत मला कोणी तसे म्हटले की मी घरी येऊन रडायची. आता ‘गावठी’ लसूण, ‘गावठी’ कोथिंबीर, ‘गावठी’ काकडी म्हटले की भाव चढतो. चायना लसणाच्या ढिगाशेजारी गावठी लसणाची जुडी दिमाखात बसते. पण हा शब्दही विचित्रच. त्यात गाव आहे आणि कुठलेच गाव नाही. शहराला गाव हवे आहे, त्याचे नाव कशाला हवे!

त्या दिवशी पुढच्या बाई गेल्यावर माझी पाळी आली. मी अर्धा किलो काकडी घेतली. मावशींनी तराजू खाली ठेवला आणि मलाच विचारले, "तुमी कुठल्या, ताई?"

"इथलीच. कोथरूड."

"ते न्हाय. गाव कुठलं?"

"आजोळ मुळशीच," मी म्हटले.

"आरं वा! मुळशीत कुठं?"

का कोण जाणे, मामांच्या गावाचे नाव न घेता मी आजीच्या माहेरचे नाव सांगितले. शंभर वर्षांत त्या पत्त्यावर कोणी राहिलेले नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"ते तर पान्यात हाय," त्या म्हणाल्या, आणि पाटीतल्या आणखी दोन काकड्या उचलून माझ्या पिशवीत टाकल्या.